एपॉक्सी : उष्ण हवेतील पेनजोडणीसाठी

रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळल्यावर रासायनिक विक्रियेने घट्ट होणारा गोंद. स्विस रसायनशास्त्रज्ञ प्येर कास्तां यांनी १९३०च्या दशकात त्यावर मूलभूत काम केले, आणि १९४०च्या दशकात सीबा कंपनीने तो ‘ॲराल्डाइट’ या नावाने बाजारात आणला. लेथवर हाताने पेन घडवणारे कारागीर लाकडाच्या किंवा ॲक्रिलिकच्या ब्लँकमध्ये, म्हणजे कातायच्या तुकड्यात, आरपार भोक पाडून आत पितळी नळी चिकटवतात आणि मगच ब्लँक कातायला घेतात. नळीची पकड कच्ची राहिली, तर कातताना ब्लँक तडकतो किंवा नळीभोवती फिरू लागतो. उन्हाळ्यात एपॉक्सी दगा देते अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती निम्मीच खरी आहे. उष्णता नडते ती गोंद मिसळल्यापासून नळी जागेवर बसेपर्यंत. त्यानंतर तीच उष्णता जोड पक्का करते. या दोन टप्प्यांची गल्लत झाल्यामुळे उन्हाळ्यासाठी सुचवले जाणारे बरेचसे उपाय चुकीच्या जागी लागू पडतात.

एपॉक्सी वाळत नाही. तिच्यातून पाणी किंवा द्रावक उडून जायचा नसतो. दोन घटकांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्या विक्रियेतून उष्णताही बाहेर पडते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की विक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. ट्यूबवर लिहिलेली ‘५ मिनिटे’ साधारण २५ अंश सेल्सिअसची असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५पर्यंत जातो, तेव्हा त्या पाच मिनिटांतली सव्वा मिनिटच हाती उरते. त्यात गोंद लहान वाटीत कालवला, तर मध्यभागी साठलेली उष्णता बाहेर पडू शकत नाही. वाटी हाताला गरम लागते, काडीला तार येऊ लागते आणि नळी भोकात अर्ध्यावर अडकते. तोच गोंद फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरला, तर उष्णता फरशीत उतरते आणि कामाला वेळ मिळतो. म्हणजे हवेच्या तापमानाइतकाच गोळ्याचा आकारही महत्त्वाचा, आणि तो पूर्णपणे कारागिराच्या हातात असतो.

नळी बसल्यावर चित्र उलटते. गोंद जसजसा कडक होतो तसतशी रेणूंची हालचाल मंदावते आणि पुढची विक्रिया रेंगाळते. त्यामुळे थंड खोलीत घट्ट झालेल्या जोडात बरेच रेणू न गुंफलेलेच राहतात आणि असा जोड थोड्या उष्णतेनेही मऊ पडतो. ४० अंशांत पक्का झालेला जोड अधिक ताप सोसतो. पेनाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे, कारण नळीची टोके ट्रिमरने सपाट करताना आणि घासपेपर चालवताना पितळ चांगलेच तापते. पाच मिनिटांच्या बहुतेक एपॉक्सी उष्णतेला मुळातच कमी टिकतात. म्हणून उन्हाळ्यात संथ, तासाभराची एपॉक्सी घ्यावी. तिच्यामुळे मिसळताना सवड मिळते, आणि पुढे तिला लागणारी ऊब हवाच पुरवते.

यावर पहिला आक्षेप असा, की वेळच वाढवायची तर ट्यूब फ्रिजमध्ये ठेवावी किंवा हार्डनर कमी घालावा. थंड रेझिन इतके दाट होते की नीट मिसळत नाही, कधी त्यात स्फटिक धरतात, आणि दमट हवेत थंड ट्यूब उघडली की तोंडाशी दव साचते. हार्डनर कमी घातला तर वेळ वाढल्यासारखी वाटते, पण रेझिनचा काही भाग जोडीदाराविना कायमचा चिकट राहतो. प्रमाणाशी तडजोड कुठल्याच ऋतूत करू नये. दुसरा आक्षेप : ऊब इतकी चांगली, तर ब्लँक लगेच उन्हातच का ठेवू नये? कारण गोंद घट्ट होण्याआधी तापला तर पातळ होऊन ओघळतो, आणि लाकडाच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावून त्यात बुडबुडे सोडते. आधी सावली, मग ऊब.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तापमान उतरले की ॲक्रिलिक पितळेच्या साडेतीनपटीहून अधिक आकसते. ५० मिमी लांबीच्या तुकड्यात ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.०७ ते ०.०८ मिमी तफावत पडते; म्हणजे मे महिन्यात जोडलेल्या पेनावर डिसेंबरात ताण येणारच. पण हा मुद्दा एपॉक्सीच्याच बाजूने जातो. भोक नळीपेक्षा किंचित सैल ठेवले तर एपॉक्सी ती फट भरते आणि थोडा ताण स्वतः पेलते. सुपरग्लूचा थर ठिसूळ असतो, आणि दमट हवेत तो नळी सरकवतानाच तिला धरून बसतो.

नळीला आधी घासपेपरने खरखरीत करून ॲसिटोनने पुसावे. त्यानंतर घामेजलेले बोट लागले, तर ती पुन्हा पुसावी लागते. नायट्राइलचे हातमोजे उकाड्यात नकोसे होतात. तरीही ते काढू नयेत, कारण एपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. जोड पक्का झाला का हे पाहायला उरलेल्या गोळ्यात नख रोवून बघण्याची सवय आहे. पण गोळा स्वतःच्या उष्णतेने आधी घट्ट होतो, नळीवरचा पातळ थर मागून. परीक्षेसाठी त्याच वेळी पितळेच्या एखाद्या तुकड्यावर तितकाच पातळ थर लावून ब्लँकशेजारी ठेवावा.