लाटव्हियातील लीगो : मध्यग्रीष्माची आग आणि तिच्या अर्थावरील हक्क

प्रस्तावना

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लाटव्हिया या देशात २३ जूनच्या सूर्यास्तापासून २४ जूनच्या सूर्योदयापर्यंत शेतांवर, टेकड्यांवर व नदीकाठी आगी तेवत ठेवल्या जातात. या अक्षांशावर त्या सुमारास रात्र जेमतेम सहा तासांची असते आणि ती झोपेत घालवू नये असा संकेत आहे. या रात्री झोपणारा उन्हाळाभर झोपत राहतो, असे लोक म्हणतात. पूर्वसंध्येला ‘लीगो’ व दुसऱ्या दिवसाला ‘यानी’ असे नाव आहे. ‘यानी’ हे नाव ‘यानिस’ म्हणजे योहान या नावावरून आले असून २४ जून हा ख्रिस्ती पंचांगात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन होय. ‘लीगो’ हे मात्र या रात्रीच्या गीतांतील पालुपद आहे. एकाच उत्सवाची ही दोन नावे, एक चर्चच्या पंचांगातून आलेले व दुसरे गाणाऱ्यांच्या तोंडून आलेले, त्याच्या इतिहासातील मुख्य प्रश्न पुढे आणतात. ही आग नेमकी कोणाची, आणि तिचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा घेतला असून शेजारच्या एस्टोनिया व लिथुएनिया या देशांचा विचार आवश्यक तेवढाच केला आहे.

उत्सवाचे स्वरूप

लीगो हा मूलतः शेतघराचा उत्सव आहे. वसंतातील पेरणी आटोपलेली असते व गवतकापणीला प्रारंभ व्हायचा असतो. या मधल्या अवकाशात तो येतो. घर, अंगण व गोठा भूर्जाच्या डहाळ्यांनी सजवितात. स्त्रिया रानफुलांचे व पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात. घरधनी व घरधनीण यांना त्या रात्रीपुरते ‘यानीचा पिता’ व ‘यानीची माता’ असे संबोधिले जाते. पित्याने सातूची बिअर तयार ठेवावयाची आणि मातेने शहाजिरे घातलेले ताजे चीज करावयाचे, अशी कामाची वाटणी ठरलेली असते. आग शक्यतो उंचवट्यावर पेटवितात. काही ठिकाणी उंच खांबाच्या टोकाला डांबराने भरलेले पिंप बांधून ते पेटवितात. यामागे शोभेपलीकडचे प्रयोजन आहे. जेथवर आगीचा उजेड पोचेल तेथवरचे शेत पिकेल, अशी समजूत असल्याने उंची हाच उपयोगाचा भाग ठरतो. गेल्या वर्षीचे वाळलेले मुकुट याच आगीत टाकतात, आणि जाळ ओसरू लागला की तरुण मंडळी त्यावरून उड्या मारतात. नेच्याचे फूल शोधण्याच्या निमित्ताने जोडपी रानात जातात. नेचा ही अपुष्प वनस्पती आहे हे त्यांना ठाऊक नसते असे नाही.

या साऱ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाणाऱ्यांचा जथा. शेजारचे लोक गात एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जातात आणि यजमानाने त्यांना चीज व बिअर देऊन त्यांचे स्वागत करावयाचे असते. पाहुणे वाटेत शेताची पाहणीही करतात. ज्याची खुरपणी राहिली आहे त्याची गीतांतून यथेच्छ टिंगल होते आणि यजमानाच्या बाजूनेही तसेच उत्तर दिले जाते. कोकणातील शिमग्याची आठवण मराठी वाचकाला येथे सहज होईल. तथापि, दोहोंचे मूळ एक आहे असे म्हणण्यास या साम्यातून आधार मिळत नाही. गावकीच्या नजरेला वर्षातून एक दिवस वाचा फुटावी, ही गरज निरनिराळ्या समाजांत स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते.

धर्मोपदेशकाची साक्ष

रोमन पंचांगात उत्तरायणाच्या समाप्तीचा दिवस २४ जून मानला जाई. लूकच्या शुभवर्तमानानुसार योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून २५ डिसेंबरच्या नाताळाशी जुळणारा त्याचा जन्मदिवस याच तारखेला आला. संत ऑगस्टीनने दिवस लहान होऊ लागण्याचा संबंध योहानाशी व मोठा होऊ लागण्याचा संबंध ख्रिस्ताशी जोडला. दिवसाला संत मिळाला, तरी लोकांचे वर्तन बदलले नाही. सहाव्या शतकात आर्लचा बिशप सेझेरियस या सणाच्या रात्री झऱ्यांत व नद्यांत स्नान करणाऱ्यांना प्रवचनातून फटकारताना दिसतो.

बाल्टिक प्रदेशात ख्रिस्ती धर्म उशिरा व तलवारीच्या साहाय्याने आला. रीगा शहराची स्थापना १२०१ मध्ये बिशप आल्बर्ट याने केली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन धर्मयोद्ध्यांची सत्ता दृढ झाली. पुढील सात शतके जमीन जर्मन भाषिक सरदारांकडे व नांगर स्थानिक शेतकऱ्यांकडे, अशी समाजाची विभागणी राहिली. या प्रदेशातील मध्यग्रीष्माच्या आगीचे ठळक वर्णन बाल्थासार रुस्सोव या ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाच्या १५७८ च्या लिव्होनियाविषयक इतिवृत्तात आढळते. रेवाल, म्हणजे आजचे ताल्लिन, येथे तो एस्टोनियन मंडळीचा उपदेशक होता. शहरे, वाड्या व खेडी या सर्व ठिकाणी आनंदाच्या ज्वाळा दिसत, त्यांभोवती लोक मोठे बॅगपाइप वाजवीत नाचत, गात व उड्या मारीत, असे त्याने नमूद केले आहे.

हे वर्णन वारंवार उद्धृत होते, पण ते कोणत्या हेतूने लिहिले गेले याचा विचार क्वचितच होतो. १५५८ मध्ये सुरू झालेल्या लिव्होनियन युद्धाने देश उद्ध्वस्त झाला होता. पूर्वीच्या चैनीबद्दल देवाने केलेली ही शिक्षा होय, अशी रुस्सोवची धारणा होती. त्यामुळे आगीचा उल्लेख तो आरोपपत्रातील एका कलमाप्रमाणे करतो. तरीही, किंबहुना म्हणूनच, ही साक्ष मोलाची आहे. तिच्यातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. सोळाव्या शतकात ही आग केवळ शेतकऱ्यांची नव्हती. शहरांतील लोकही तीत सामील होते. लीगो म्हणजे जिंकलेल्यांनी जेत्यांपासून लपवून जपलेला धर्म, हे नंतरच्या काळात लोकप्रिय झालेले चित्र या पुराव्याशी जुळत नाही.

जमीनदाराच्या वाड्याचा संबंधही असाच दुहेरी होता. शेतकरी गात वाड्यावर जात, मालकाला मुकुट घालीत, आणि मालक त्यांना बिअर पाजी. एका रात्रीपुरता मालक यजमान होई, आणि यजमान झाला की टिंगलीलाही पात्र होई. भूदासपद्धती एस्टलंडमध्ये १८१६, कूरलंडमध्ये १८१७ व लिव्हलंडमध्ये १८१९ साली रद्द झाली. शेतकरी मुक्त झाला, परंतु जमीन मालकाकडेच राहिली. वाड्यावर गात जाण्याची प्रथा या बदलानंतरही चालू राहिली, यात नवल नाही.

गीतांचे कपाट आणि सूर्याचा सिद्धान्त

योहान गॉटफ्रीड हेर्डर हा १७६४ ते १७६९ या काळात रीगा येथे शिक्षक व धर्मोपदेशक होता. १७७८-७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लोकगीतसंग्रहात लाटव्हियन व एस्टोनियन गीतांना स्थान मिळाले. ज्या भाषेला शहरात प्रतिष्ठा नव्हती तिची गीते त्यामुळे युरोपीय विद्वत्तेचा विषय बनली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम लाटव्हियन सुशिक्षितांनी आपल्या हाती घेतले. क्रिश्यानिस बारोन्स याने ‘दाइना’ या छोट्या लोकगीतांच्या चिठ्ठ्या १८८० मध्ये मॉस्कोत बनवून घेतलेल्या एका कपाटात लावण्यास सुरुवात केली आणि १८९४ ते १९१५ या काळात सुमारे २ लाख १८ हजार गीतपाठ प्रसिद्ध केले. २००१ मध्ये युनेस्कोने या कपाटाची नोंद जागतिक स्मृतीच्या यादीत केली. लीगोची गीते या संग्रहातील एक मोठा विभाग आहे.

याच गीतांवर सिद्धान्तही उभे राहिले. विल्हेल्म मान्हार्ट या जर्मन अभ्यासकाने १८७५ मध्ये लाटव्हियन सूर्यकथांवर लेखन केले. मध्यग्रीष्माची आग ही सूर्याला बळ देणारी अनुकरणात्मक जादू होय, या मताचा तो प्रवर्तक मानला जातो. वेस्टरमार्क याने उलट आगीचा हेतू शुद्धीकरण व अनिष्टनिवारण हा मानला. फ्रेझरने ‘द गोल्डन बाव’ या ग्रंथात दोन्ही मतांची सविस्तर चर्चा केली आहे.

सूर्याच्या सिद्धान्तासमोर एक साधी अडचण आहे. एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता व तेथे ज्यूलियन पंचांग चालू होते. त्या पंचांगातील २४ जून म्हणजे ग्रेगोरियन ६ जुलै. अर्थात बारोन्सच्या चिठ्ठ्यांतील गीते ज्या रात्री गायिली जात ती रात्र खगोलीय अयनदिनानंतर तब्बल दोन आठवड्यांनी येई. दिवस लहान होऊ लागले आहेत हे शेतकऱ्याला कळत असणारच. तरीही त्याने आगीची तारीख सूर्याप्रमाणे हलविली नाही. आग पंचांगाशी, शेजाऱ्यांशी व खुरपणीशी बांधलेली होती. मूळ प्रेरणा सौर असेलही, पण उत्सव टिकविणारी शक्ती ती नव्हती, असे अनुमान येथे काढता येते.

याच संताच्या दिवशी गोव्यात काय घडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. पोर्तुगीज सत्तेबरोबर २४ जूनचा हा सण गोव्यात पोचला आणि ‘सांजांव’ झाला. तेथे जून म्हणजे भर पावसाळा. डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ आहे, गात घरोघर जाणारा जथा आहे, नव्या जावयाचे कौतुकही आहे. मात्र लोक जाळावरून उडी मारण्याऐवजी विहिरीत व ओहोळात उडी मारतात, आणि गर्भातील योहानाने आनंदाने उडी घेतली या कथेशी तिचा संबंध जोडतात. उत्सवाच्या केंद्रस्थानी आगीऐवजी पाणी आले, पण मुकुट, गाणे व आतिथ्य येथेही दिसते.

राष्ट्र, बंदी आणि घर

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. जून १९१९ मध्ये लाटव्हियातील त्सेसिस येथे एस्टोनियन सैन्याने, उत्तर लाटव्हियाच्या तुकड्यांसह, बाल्टिक जर्मनांच्या लांडेसवेर या दलाचा पराभव केला. २३ जून रोजी, म्हणजे लीगोच्याच दिवशी, शहर हाती आले. एस्टोनियाने १९१९ मध्ये व लाटव्हियाने १९२० मध्ये कायदे करून मोठ्या जमीनदाऱ्या ताब्यात घेतल्या. वाड्यावर गात जाण्याच्या प्रथेचा आधारच त्यामुळे नाहीसा झाला. १९३४ मध्ये एस्टोनियाने २३ जून हा ‘विजयदिन’ म्हणून घोषित केला. लाटव्हियात १९२० च्या दशकात एर्नेस्ट्स ब्रास्तिन्श याने दाइनांच्या आधारे ‘दियेव्हतुरी’ ही देशी धर्मचळवळ उभी केली. या चळवळीला लीगोमध्ये ख्रिस्तपूर्व धर्माचा पुरावा दिसला. ब्रास्तिन्शला सोव्हिएत सत्तेने १९४० मध्ये अटक केली व १९४२ मध्ये गोळ्या घातल्या.

सोव्हिएत सैन्य १७ जून १९४० रोजी लाटव्हियात शिरले. १४ जून १९४१ रोजी पंधरा हजारांहून अधिक लोकांना तेथून हद्दपार करण्यात आले. दोन्ही तारखा लीगोच्या उंबरठ्यावरच्या आहेत. युद्धोत्तर काळात उत्सवाचे भवितव्य पक्षाच्या धोरणाप्रमाणे बदलत राहिले. १९५९ मध्ये एडुआर्ड्स बेर्कलाव्स व इतर ‘राष्ट्रीय साम्यवादी’ यांना पदांवरून दूर करण्यात आले आणि आर्विड्स पेल्शे पक्षाचा प्रथम सचिव झाला. त्याच्या राजवटीत लीगोवर राष्ट्रवादाचा शिक्का बसला व त्याचे सार्वजनिक स्थान काढून घेण्यात आले. लोकांनी तो घरी साजरा करणे सोडले नाही.

हे कसे शक्य झाले, याचे उत्तर उत्सवाच्या रचनेत शोधावे लागते. चर्चला कुलूप लावता येते, संस्थेची नोंदणी रद्द करता येते, संमेलनाला परवानगी नाकारता येते. लीगोला पुरोहित नाही, सभासद नाहीत, मंदिर नाही. चीज घरात होते, गीते पाठ असतात, आणि आग लावण्यास अंगण पुरते. सुटी रद्द केल्याने दुसऱ्या दिवशी कामावर झोप येते, एवढाच फरक पडतो. लिथुएनियाचे उदाहरण या दृष्टीने तुलनेस योग्य आहे. तेथे १९६७ मध्ये केर्नाव्हे येथे तरुण अभ्यासकांनी ‘रासोस’ हा मध्यग्रीष्मोत्सव सार्वजनिकरीत्या पुन्हा सुरू केला. त्यातून उभी राहिलेली ‘रामुवा’ ही संघटना मात्र सत्तेला मोडता आली, आणि तिचे एक प्रमुख योनास त्रिंकूनास यांना १९७३ मध्ये विद्यापीठातील नोकरी गमवावी लागली.

स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेनंतर उत्सवाला राजाश्रय मिळाला. लाटव्हिया व एस्टोनिया या दोन्ही देशांत २३ व २४ जून हे सुटीचे दिवस आहेत. लिथुएनियात २४ जूनची सुटी २००५ पासून आहे. एस्टोनियात विजयदिनी राष्ट्राध्यक्ष ज्योत पेटवितात, ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली जाते व तिच्यावरून गावोगावच्या आगी पेटतात. त्या एका रात्री राष्ट्रध्वजही खाली उतरविला जात नाही. रुस्सोवच्या काळी जी आग वाडीतल्या कोणीही लावली असती, ती आता राजधानीकडून येते. लाटव्हियात अशी एक मध्यवर्ती ज्योत नाही. रीगामध्ये दौगावा नदीकाठी व डोम चौकात वनस्पतींचा बाजार भरतो, शहरवासी तेथून ओकच्या डहाळ्या, रानफुले व चीज घेतात, आणि संध्याकाळपर्यंत शहर बऱ्यापैकी रिकामे होते. लोक कोणाच्या ना कोणाच्या शेतघराकडे निघालेले असतात. तेथे यानीचा पिता व यानीची माता फाटकाशी उभे असतात, आणि खुरपणी राहिली असेल तर पाहुणे ती पाहतातच.