कपाळीचे कुंकू

इतिहास शिकवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि कादंबरी लिहिणे हा नाद. या दोहोंची गाठ पार्वतीबाईंच्या कथानकात पडली. पण ती कादंबरी आज कित्येक वर्षे माझ्या टेबलाच्या खणात अर्धीच पडून आहे.

पार्वतीबाई म्हणजे सदाशिवराव भाऊंच्या पत्नी. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊ पानिपतच्या गर्दीत दिसेनासे झाले. मोहिमेत बरोबर असलेल्या बाई कशाबशा जिवानिशी परतल्या. भाऊंच्या देहाला अग्नी दिल्याच्या वार्ता मागाहून आल्या. बाईंनी कुंकू पुसले नाही.

पुढे सुखनिधान नावाचा तोतया 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. कैदेत पडला, १७७६ साली रत्नागिरीहून सुटला, कोकणात बंड केले आणि त्याच वर्षी पुण्यात देहान्त शासन पावला. एका स्त्रीच्या आशेचा असा बाजार मांडला गेला!

घरातला घात तर त्याहून दारुण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुतण्या नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. बोट होते दीर रघुनाथरावांकडे. गर्भवती गंगाबाईंना पुरंदरावर हलवले तेव्हा सोबतीला पार्वतीबाई गेल्या. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले; १७७७ साली गंगाबाईही गेल्या. त्या पोरक्या जिवाला बाईंनी माया लावली. १७८३ साली त्या वारल्या, तोवर कुंकू कपाळीच होते.

माझ्या लिखाणात मी बाईंना भाबड्या केले होते. एके दिवशी वर्गात एका मुलीने विचारले, "सर, बाईंना मनातून ठाऊक नसेल का हो?" पुस्तकातले उत्तर देऊन मी तास संपवला, पण ती रात्र झोपेविना गेली.

मला माझी आत्या आठवली. तिचे यजमान बोटीवर नोकरीला गेले ते परतलेच नाहीत. शाळकरी वयात मी एकदा तिला शहाणपण शिकवायला गेलो, "आत्या, आता कशाला वाट बघतेस?" ती काही बोलली नाही. पाटावर बसवून तिने मला अभ्यंगाचे तेल लावले, एवढेच. ज्या घराला ती धरून होती, त्याच घरात माझी दिवाळी होत होती.

गारद्यांच्या तलवारी पाहिलेल्या वाड्यातला गर्भ जपणारी बाई भाबडी कशी असेल? कुंकू हे तिचे अज्ञान नव्हते. तो तिचा निर्णय होता.

यंदा जुनी प्रकरणे फाडून टाकली आहेत. आत्याची क्षमा मागायची मात्र राहून गेली.