दीडशे अश्वशक्ती आणि पाच गिअर : ऑक्टाव्हिया आरएसचा रस्त्यावरचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना लागणाऱ्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्या वेळच्या औरंगाबादची ओळख दुचाकी व तीनचाकी वाहनांचे शहर अशी होती. झेक प्रजासत्ताकातील एका कंपनीची आलिशान मोटार येथे तयार होते, याचे शहराला बराच काळ अप्रूप वाटत होते. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहराने एकत्रितपणे १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या आणि देशभर चर्चा झाली. मात्र गाडी चालवण्याचा खरा षौक असलेल्यांच्या बोलण्यात आजही जी गाडी येते ती त्याहून स्वस्त, त्याहून जुनी आणि आकाराने लहान आहे. ती म्हणजे २००४ मध्ये भारतात दाखल झालेली पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस.

टर्बोचार्जर असलेली भारतातील पहिली पेट्रोल मोटार म्हणून कंपनी या गाडीचा उल्लेख करते. 'आरएस' म्हणजे रॅली स्पोर्ट. ही अक्षरे स्कोडाने १९७४ मध्ये १८० आरएस व २०० आरएस या रॅलीसाठीच्या गाड्यांवर प्रथम लावली. त्यानंतर आलेल्या १३० आरएसने १९७७ च्या मॉण्टे कार्लो रॅलीत आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. फोक्सवॅगन समूहात गेल्यानंतर, २००० मध्ये, स्कोडाने हे नाव ऑक्टाव्हियाला दिले. एक बारकावा येथे नोंदवायला हवा. सर्वजण हिला सेडान म्हणतात; पण हिची मागची काच डिकीच्या झाकणासह वर उचलली जाते, म्हणजे काटेकोरपणे ही पाच दरवाजांची गाडी ठरते. डिकी ५२८ लिटरची. संपूर्ण कुटुंबाचे लग्नाचे सामान मावेल एवढ्या गाडीने धावपट्टीवरच्या गाड्यांची भाषा बोलावी, हीच तिची गंमत आहे.

१८० विरुद्ध १५०

या गाडीबद्दलची जुनी तक्रार आकड्यांची आहे. युरोपातील आरएसचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन १८० अश्वशक्ती देत होते. तेथे ती ताशी १०० किलोमीटरचा वेग ७.९ सेकंदांत गाठत असे आणि तिचा कमाल वेग ताशी २३५ किलोमीटर होता. भारतात मिळालेल्या गाडीत त्याच १,७८१ घनसेंटिमीटरच्या, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाची १५० अश्वशक्तीची आवृत्ती होती. 'आपल्याला पाणी घातलेली गाडी दिली' असा सूर तेव्हा निघाला. तो पूर्णपणे चुकीचा नव्हता. मात्र रोजच्या वापरात हा फरक कागदावर दिसतो तेवढा उरत नाही आणि त्याचे कारण गिअरच्या पेटीत दडलेले आहे.

अश्वशक्ती आणि टॉर्क यांत नेहमी गल्लत होते. ज्याला बोलीभाषेत गाडीचा 'पिकअप' म्हणतात तो टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या दांड्याला पीळ देणाऱ्या जोरावर अवलंबून असतो. हा जोर मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत टिकतो, त्यावरून अश्वशक्ती ठरते. भारतीय आरएसचा टॉर्क होता २१० न्यूटन मीटर आणि तो १,७५० ते ४,६०० फेऱ्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहत असे. युरोपीय गाडीचा होता २३५. शक्तीत २० टक्क्यांचा फरक, पण टॉर्कमध्ये १२ टक्क्यांचा.

आणखी बोलकी तुलना घरातल्याच भावंडाशी आहे. त्या काळी भारतात लोकप्रिय ठरलेल्या ऑक्टाव्हियाच्या १.९ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्कही नेमका २१० न्यूटन मीटर होता. शक्ती मात्र ९०. दोन्ही इंजिनांचा पीळ सारखाच, मग आरएस इतकी वेगळी का वाटते? डिझेल इंजिनाचा दम चार हजार फेऱ्यांच्या सुमारास संपतो, म्हणून त्याला लांब गिअर द्यावे लागतात. पेट्रोल इंजिन साडेसहा हजारांपर्यंत फिरते, म्हणून त्याला आखूड गिअर परवडतात. गिअर जितका आखूड, तितका तोच पीळ चाकापर्यंत वाढून पोहोचतो. सायकलवर चढ चढताना मागची मोठी चकती लावावी, तसाच हा प्रकार आहे.

पेटीतले आकडे

फोक्सवॅगन समूहाच्या १.८ टर्बो इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या पाच गिअरच्या पेटीची गुणोत्तरे ३.३०, १.९४, १.३१, १.०३ व ०.८४ अशी आहेत आणि अंतिम गुणोत्तर ३.९४ आहे. चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे १.९३ मीटर अंतर धरले, तर दर हजार फेऱ्यांमागे पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे ९ किलोमीटर, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २२.५, चौथ्यात २८.५ आणि पाचव्यात ३५ किलोमीटर वेग मिळतो.

या आकड्यांतून काही गोष्टी लगेच उलगडतात. साडेसहा हजार फेऱ्यांना दुसरा गिअर ताशी ९८ किलोमीटरच्या आसपास संपतो. म्हणजे शून्य ते शंभरच्या शर्यतीत शेवटच्या दोन किलोमीटरसाठी तिसरा गिअर टाकावा लागतो आणि तेवढ्यासाठी घड्याळात काही दशांश सेकंद वाया जातात. गिअरचे नियोजन शर्यतीच्या आकड्यासाठी केले असते, तर दुसरा गिअर किंचित लांब ठेवून हा आकडा सहज सुधारता आला असता. अभियंत्यांनी तसे केले नाही, हे त्यांच्या शहाणपणाचे लक्षण मानायला हवे.

दुसरी गोष्ट पाचव्या गिअरची. अनेक गाड्यांत शेवटचा गिअर केवळ इंधन वाचवण्यासाठी असतो. येथे तसे नाही. इंजिनाची कमाल शक्ती ५,७०० फेऱ्यांना मिळते आणि पाचव्या गिअरमध्ये त्या वेळी वेग ताशी २०० किलोमीटर असतो. हा गिअर ओढण्यासाठी आहे, आराम करण्यासाठी नाही. त्याची किंमत ॲव्हरेजमध्ये मोजावी लागते.

तिसरी गोष्ट गिअर कधी बदलावा याची. ४,६०० फेऱ्यांना, म्हणजे टॉर्कचे पठार संपते तेथे, इंजिन सुमारे १३७ अश्वशक्ती देऊन चुकलेले असते. पुढे आणखी अकराशे फेऱ्या फिरवून हाती लागते ती जेमतेम १३ अश्वशक्ती. सहा हजारांना दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकला की काटा चार हजारांच्या आसपास उतरतो आणि तिसऱ्यातून चौथा टाकला की पावणेपाच हजारांच्या खाली. दोन्ही वेळा इंजिन जोरातच असते. लाल रेषेपर्यंत इंजिन किंचाळत ठेवणाऱ्यांना आवाजाखेरीज फारसे काही मिळत नाही.

ट्रकच्या मागे

मराठवाड्यातील दुपदरी रस्त्यावर गाडीची खरी परीक्षा शून्य ते शंभरची नसते. ताशी ४० किलोमीटरने चाललेल्या ट्रकला मागे टाकून ७० पर्यंत किती लवकर पोहोचता येते, ही ती परीक्षा आहे. अशा रस्त्यांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मोटारींना घालून दिलेली कमाल मर्यादाही ताशी ७० किलोमीटरचीच आहे.

आता पेटीतले आकडे पुन्हा पाहावेत. ताशी ४० किलोमीटरला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १,७८० फेऱ्यांच्या आसपास असते, म्हणजे टॉर्कच्या पठाराच्या अगदी उंबरठ्यावर. ७० ला ते ३,१०० वर पोहोचते. दुसऱ्या गिअरमध्ये हाच प्रवास २,६०० पासून ४,६०० पर्यंतचा, म्हणजे पठाराच्या शेवटच्या टोकापर्यंतचा होतो. जणू हे दोन गिअर ४० ते ७० साठीच कापले असावेत! दोन माणसे बसलेल्या गाडीचे वजन, हवेचा विरोध आणि पेटीतील घर्षण धरून गणित केले, तर सपाट रस्त्यावर हा टप्पा दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे ३ सेकंदांत आणि तिसऱ्यात सुमारे साडेचार सेकंदांत पार होतो. पाचव्या गिअरमध्ये त्याच क्षणी इंजिन साडेअकराशे फेऱ्यांना रेंगाळत असते. टर्बोला फिरण्यापुरता धूरही मिळत नाही आणि गाडी दहा सेकंदांहून अधिक काळ उलट्या बाजूला अडकून पडते. समोरून ताशी ७० ने येणारी बस दर सेकंदाला १९ मीटर जवळ येत असते. दुसरा आणि पाचवा गिअर यांतील सात सेकंदांत ती १३० मीटरहून अधिक अंतर कापते. गाडीची शक्ती तीच, चालक तोच. फरक फक्त डाव्या हाताने केलेल्या एका हालचालीचा.

प्रत्यक्षात त्यात टर्बोच्या उशिराची थोडी भर पडते. ॲक्सिलरेटर दाबल्यापासून जोर येईपर्यंत जो क्षण जातो, तो या पिढीच्या गाड्यांत चांगलाच जाणवतो. त्यामुळे ओव्हरटेक करण्यापूर्वी, आपल्याच बाजूला असताना गिअर उतरवून इंजिन अडीच हजारांवर आणून ठेवावे, ही जुन्या चालकांची सवय शास्त्राला धरून आहे.

घाटात हा फरक आणखी ठळक होतो. कन्नड ते चाळीसगाव दरम्यानचा औट्रम घाट असो वा देवगिरीच्या किल्ल्याजवळून खुलताबाद-वेरूळकडे चढणारा रस्ता, शंभर मीटरला सहा मीटरचा चढ धरला तरी तिसऱ्या गिअरचे साडेचार सेकंद सहावर जातात. पाचव्यात मात्र एवढ्या कमी वेगाला गाडी वेग घेण्याऐवजी धापाच टाकते.

टर्बोचा एक फायदा या शहरात विशेष आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उंची व उष्णता या दोहोंमुळे येथील हवा समुद्रकिनाऱ्यावरील १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १४ टक्क्यांनी विरळ होते. साधे इंजिन तेवढा जोर गमावते. टर्बो मात्र हवा दाबून आत पाठवतो, त्यामुळे त्याची बरीच भरपाई होते. बरीच, पूर्ण नव्हे. तापलेल्या दुपारी दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही हतबल होतो. भर उन्हात सलग दोन-तीन वेळा जोर लावल्यावर गाडी 'बसते', असे आरएसचे मालक म्हणतात ते याचमुळे.

समृद्धीवर आणि त्यानंतर

शहराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. तेथे मोटारींची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या वेगाला जुन्या आरएसचे इंजिन पाचव्या गिअरमध्ये ३,४०० फेऱ्यांवर असते. गिअर न बदलता पुढे निघता येते, हे खरे. पण तासभर तो आवाज कानावर राहतो आणि सहावा गिअर असता तर बरे झाले असते, असे वाटत राहते.

तो पुढे आला. २०११ मध्ये आलेल्या लॉरा आरएसला सहा गिअर, १६० अश्वशक्ती व २५० न्यूटन मीटर टॉर्क मिळाला. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये दोन लिटरचे २३० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोन क्लचची स्वयंचलित डीएसजी पेटी होती. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या २०० आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीच्या अवघ्या १०० गाड्या आयात झाल्या. ताज्या गाडीची किंमत होती ४९ लाख ९९ हजार रुपये. ती शंभरचा वेग ६.४ सेकंदांत गाठते. गिअर कोणता टाकावा हा प्रश्न चालकापुढे उरलेलाच नाही. सात गिअरची पेटी तो परस्पर सोडवते.

जुनी आरएस बाळगणाऱ्यांपुढचे प्रश्न वेगळे आहेत. या गाड्यांनी आता विशी ओलांडली आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झाले आहे. जुनी गाडी पाहताना पहिला प्रश्न विचारावा तो टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचा. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि या इंजिनात व्हॉल्व्ह वीस आहेत. लांबच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे टर्बोतील तेल जळत नाही. हौसेने मोठी चाके लावलेली गाडी असेल, तर परीघ मोजून घ्यावा. चाकाचा परीघ तीन टक्क्यांनी वाढला की पाचही गिअर तीन टक्क्यांनी लांब होतात, वेगाचा काटा तेवढाच कमी दाखवतो आणि ४० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १,७५० च्या खाली घसरते.