घरच्या विमानात बसायचे कशावर?

विमानाचा इतिहास वर्गात सांगताना आपण पंखांच्या आकाराविषयी बोलतो, इंजिनाविषयी बोलतो, राईट बंधूंच्या चिकाटीविषयी तर हमखास बोलतो. वैमानिक बसला कशावर होता, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्याला तो टाळता येत नाही. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. असे विमान करू पाहणाऱ्याला इंजिन विकत आणता येते. पण आसनात काय भरायचे आणि त्यावर कोणते कापड चढवायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. ही निवड वरवर शोभेची वाटते. ती तशी नाही, हे इतिहास पाहिला की कळते.

हा इतिहास आपण वडशाला बसून पाहू. वडसा म्हणजे देसाईगंज, वैनगंगेच्या खोऱ्यातले, गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे गाव. येथे विमानांचा कारखाना नाही. तरीही आसनाच्या इतिहासात डोकावणाऱ्या तीन गोष्टी येथे हाताशी आहेत : रानातला बांबू, सावरीचा कापूस आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे कापडी पडदे.

बांबू आणि वेत

१७ डिसेंबर १९०३ रोजी ऑरव्हिल राईट उडाला, तेव्हा त्याला आसन नव्हतेच. तो खालच्या पंखावर पालथा पडून विमान चालवत होता. बसण्याची सोय राईट बंधूंनी १९०८ मध्ये केली. २३ ऑक्टोबर १९०६ रोजी पॅरिसमध्ये उडालेला ब्राझीलचा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ तर वेताच्या टोपलीत उभा होता.

याच सांतोस-द्युमाँने पुढे 'दमॉइझेल' नावाचे चिमुकले विमान केले. आपल्याकडे पाणवठ्यावर चतुराची नाजूक बहीण, टाचणी, दिसते. तिचेच हे फ्रेंच नाव. १९०९ च्या सुमाराच्या या विमानाचा सांगाडा बांबूच्या तीन लांब काठ्यांचा होता. वैमानिकासह नव्हे, नुसत्या विमानाचे वजन सुमारे ११० किलोग्रॅम. आसन म्हणजे पंखाखाली ताणून बांधलेली जाड कापडाची पट्टी, बाजेसारखी. त्याने या विमानाचे हक्क राखून ठेवले नाहीत. जून १९१० मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकाने त्याचे आराखडे छापले आणि कोणीही ते बांधावे, असा मार्ग मोकळा झाला. घरी विमान बांधण्याच्या छंदाचा आरंभ अनेकदा येथूनच मोजतात.

कापडाची पट्टी ही कंजुषी नव्हती. दुबळ्या इंजिनाला प्रत्येक किलोग्रॅम जड होता. १९२० नंतरच्या दशकात प्रवासी विमाने आली, तेव्हाही कित्येक विमानांत, उदाहरणार्थ फोर्ड कंपनीच्या तीन इंजिनांच्या विमानात, वेताच्या खुर्च्या होत्या. बुरडाने विणलेली टोपली उचलून पाहिली की कारण समजते. विणकामात पोकळी जास्त, म्हणून वजन कमी. आणि दाब आला की काड्या वाकतात, चटकन मोडत नाहीत. पण जोराच्या आघातात त्या मोडतात, त्यांची टोके अणकुचीदार होतात आणि वेत पेटतोही लवकर.

सावरीचा कापूस

शिशिर संपता संपता सावर निष्पर्ण होते, लाल फुलांनी भरते आणि उन्हाळ्यात तिची बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर उडू लागतो. हा तंतू पोकळ असतो. आत हवा आणि बाहेर मेणचट थर, त्यामुळे तो हलका असतो आणि पाण्याने लवकर भिजत नाही. सावरीची भावकी असलेल्या पांढऱ्या सावरीचा असाच कापूस 'कॅपोक' नावाने जगभर विकला गेला. गाद्या-उशांत, बोटीवरच्या जीवरक्षक जाकिटांत आणि जुन्या विमानांच्या आसनांतही तो भरला जाई. दोन दोष मात्र होते. वापराने त्याच्या गुठळ्या होतात, आणि ठिणगी पडली तर तो भडकतो.

१९२९ मध्ये डनलॉप कंपनीच्या संशोधकांनी रबराच्या चिकाचा फेस गोठवून गादी केली. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. १९५० नंतर त्याचा मऊ फोम सर्वत्र पसरला. हलका, स्वस्त, कात्रीने कापता येणारा हा फोम आज कोणत्याही गादीवाल्याकडे मिळतो. घरी विमान बांधणाऱ्याचा हात साहजिकच त्याच्याकडे जातो. येथेच त्याने थांबून दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

मऊ गादीचा धोका

पहिला प्रश्न आघाताचा. समजा, विमान सेकंदाला ५ मीटर या वेगाने खाली आपटले आणि आसनाचा सांगाडा तत्क्षणी थांबला. हा वेग सुमारे सव्वा मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा आहे, म्हणजे काही फार नव्हे. गादी १० सेंटीमीटर जाड आहे. ती या संपूर्ण अंतरात सारख्या जोराने विरोध करील, तर v² = २as या सूत्राने ऋणत्वरण १२५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १३ पट.

आता गादी फार मऊ आहे असे धरा. पहिले ८ सेंटीमीटर ती जवळजवळ विरोध न करता दबते, आणि शरीर त्याच वेगाने खाली येत राहते. थांबायला उरतात २ सेंटीमीटर. तेच सूत्र आता ६२५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे सुमारे ६४ पट दाखवते. गादीची जाडी तीच, पण पाठीच्या कण्यावर पडणारा जोर पाचपट. हे गणित अर्थातच सोपे करून मांडले आहे. तरी मुद्दा खरा आहे. बसताक्षणी सुखावणारी गादी आघाताच्या वेळी वैऱ्यासारखी वागू शकते.

१९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरिता एक वेगळा फोम तयार केला. हळू दाबला तर तो मऊ लागतो, एकदम दाबला तर ताठ होतो आणि सोडल्यावर सावकाश पूर्ववत होतो. पाण्यात हात हळू घातला तर पाणी वाट देते, आपटला तर चापट बसते; काहीसा तसाच हा प्रकार. आज बाजारात 'मेमरी फोम' म्हणून विकली जाणारी गादी याच घराण्यातली.

पडदा आणि ठिणगी

दुसरा प्रश्न आगीचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात आणि वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. कापडी मंडप, रंगवलेले पडदे, जवळच तापलेले दिवे. कापड आणि आग यांचा हा शेजार फ्रान्सच्या नाट्यगृहांतही होता. तेथील राजा अठरावा लुई याच्या सांगण्यावरून रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने पडद्याचे कापड सहज पेटू नये यासाठी प्रयोग केले. १८२१ मध्ये त्याने दाखवले, की अमोनियमचे काही क्षार आणि टाकणखार यांच्या द्रावणात भिजवून वाळवलेले कापड ज्वाला पसरू देत नाही. उणीव एवढीच, की धुतले की क्षार निघून जातात. आणि ओलाव्यात असे क्षार धातूला गंज आणू शकतात. विमानात ही उणीव लहान नव्हे.

आग लागलेल्या विमानात ज्वाळेइतकाच धूर मारतो. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसजवळ व्हारिग कंपनीचे विमान मागच्या शौचालयात लागलेल्या आगीमुळे शेतात उतरवावे लागले. १३४ पैकी १२३ जण दगावले, बहुतेक धुराने. २ जून १९८३ रोजी सिनसिनाटीला एअर कॅनडाचे पेटलेले विमान सुखरूप उतरले, दारे उघडली, तरीही ४६ पैकी २३ जण बाहेर पडू शकले नाहीत. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो.

नोव्हेंबर १९८४ मध्ये अमेरिकेने नियम केला, की प्रवासी विमानातील गादी दोन मिनिटे रॉकेलच्या ज्वालकासमोर धरली, तर तिच्या वजनात सरासरी १० टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ नये. त्यासाठी फोम आणि वरचे कापड यांच्यामध्ये आग अडवणारा थर घालण्यात आला. चाचण्यांत त्याने प्रवाशांना ४० ते ६० सेकंद जास्त मिळवून दिले. तेवढ्यात अर्धे विमान रिकामे होऊ शकते.

लहान विमानांचे नियम इतके कडक नसतात, आणि हौसेने बांधलेल्या विमानात बरेचसे बांधणाऱ्याच्या विवेकावर असते.

वर्गासाठी

१९६६ मध्येच फेनिमोर आणि मार्टिन यांनी पदार्थ जळत राहण्यासाठी हवेत निदान किती टक्के ऑक्सिजन लागतो, हे मोजण्याची पद्धत दिली. सुती कापडाला सुमारे १८ टक्के पुरतो, लोकरीला सुमारे २५ लागतो. आपल्या हवेत तो २१ टक्के आहे. शिक्षकांनी मोकळ्या जागी, पाण्याची बादली जवळ ठेवून, चिमट्यात सुती दोरा आणि शुद्ध लोकरीचा धागा धरून पाहावा. ज्योत दूर केल्यावर सुती दोरा जळत राहतो, लोकर बहुधा विझते. फोम किंवा रेक्झीन मात्र वर्गात कधीही जाळू नये.

मग विमानात काय वापरावे? घट्ट आणि सावकाश उसळणारा फोम, त्यावर आग अडवणारा थर, वर लोकर किंवा टिकाऊ ज्वालारोधक कापड. शिवाय फोम, गोंद, दोरा आणि कापड यांचा एकत्र केलेला तुकडा आधी तपासून घ्यावा; कारण प्रत्येक वस्तू एकेकटी उत्तीर्ण झाली, तरी एकत्र आल्यावर त्या वेगळ्या वागू शकतात. ही परीक्षा गादी शिवण्याआधी, जमिनीवर घ्यायची असते. विमान बांधणाऱ्याच्या शेजारच्या आसनावर उद्या त्याचेच मूल बसणार असते.