रविवार कुणी दिला?

परवा नात घरी आली होती. पुण्यात एका कंपनीत कामाला आहे. मोबाइलवर आलेलं ऑफिसचं पत्र हसत हसत वाचून दाखवत होती. बुधवारी योगाचा वर्ग, गुरुवारी रक्तदाब-साखरेची तपासणी, शिवाय महिनाभर कोण जास्त पावलं चालतो याची स्पर्धा!

मी म्हटलं, "अगं, चांगलंच आहे की!"

"चांगलं आहे हो आजोबा, पण आज वार कोणता ते बघा. रविवार! आणि लगेच साहेबांचा निरोप, रात्रीपर्यंत काम पूर्ण करून पाठव."

मग तिला रविवारची गोष्ट सांगितली. आपल्या घराचाही तिच्याशी संबंध आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असं आपण सहज म्हणतो. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरं असेल, गिरण्यांपुरतं नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. तेव्हा विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. आठवड्याची सुट्टी नाहीच. सणावारी गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला माणसं बोलवत.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यामागे मुलांची कणव होती, तशी मुंबईच्या स्वस्त कापडाची मँचेस्टरवाल्यांना वाटणारी धास्तीही होती! सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवू नये, असं त्यात होतं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल अक्षर नाही.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. १८८० पासून 'दीनबंधू' पत्र चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं.

मागण्या काय होत्या पाहा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार वेळेवर. आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

दिव्यांची रोषणाई नाही, बक्षीस नाही. जेवायला वेळ आणि झोपायला एक दिवस!

२४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. १८९० साली हे लक्षात घ्या! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. बाकीच्या मागण्यांना मात्र वाट पाहावी लागली. पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा १९११ साली, अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली आणि आजारपणातल्या विम्याचा कायदा १९४८ साली. लोखंडे १८९७ मध्येच प्लेगच्या साथीत गेले होते.

आता घरची गोष्ट. माझे वडील गिरणीत त्रासन खात्यात होते. दमट हवा आणि केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी. रविवारी कढत पाण्याने अंघोळ, मटण-भाकरी आणि दुपारी गाढ झोप. त्या दिवशी त्यांचा श्वास मोकळा असायचा. सोमवारी संध्याकाळी मात्र छाती आवळल्यागत व्हायची. "सोमवार छातीवर बसतो," म्हणायचे. दवाखान्यात सांगितलं, विड्या कमी करा. वडिलांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती!

पुढे कधीतरी वाचनात आलं, की कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं, हीच त्याची ओळख. वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. रविवार नसता तर सोमवारचा फरकही कळला नसता. धूळ कशाने बाधते ते वडिलांना त्या एका दिवसाने सांगितलं होतं, ऐकणारं कुणी नव्हतं.

योगवर्गाला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज प्राणायाम करतो. पण गिरणीत कुणी प्राणायाम शिकवला असता, तरी धूळ तीच राहिली असती. आधी धूळ कमी करायची, तास कमी करायचे, मग बाकीचं. हे लोखंड्यांना १८८४ मध्ये कळलं होतं.

नातीने सगळं ऐकलं. मग फोन उचलून साहेबांना कळवलं, "काम उद्या सकाळी पाठवते." थोडी घाबरली होती. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. आम्ही जेवलो आणि ती दुपारी छान झोपली.

असो. तुमच्या घरातल्या रविवारच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.