सरळ रेघ आणि छप्पनचा दुष्काळ

शासकीय सेवेत असताना पुढील काही वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज मागितला गेला, की आम्ही मागील दोन जनगणनांचे आकडे घेऊन वार्षिक वाढ काढीत असू व तीच गती पुढे धरीत असू. गणितात यास रेषीय समीकरण म्हणतात. आलेखावर त्याची सरळ रेघ उमटते. या रेघेवर भरवसा किती ठेवावा, हे मात्र निवृत्तीनंतर बडोदे संस्थानाच्या जुन्या खानेसुमारीचे आकडे पाहताना आम्हांस उमगले.

इ. स. १८८१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या सुमारे २१.८५ लाख होती. १८९१ मध्ये ती २४.१५ लाख झाली. म्हणजे वर्षाला सुमारे २३ हजारांची वाढ. त्यावरून समीकरण असे : लोकसंख्या (लाखांत) = २१.८५ + ०.२३ × १८८१ पासूनची वर्षे. वर्षांच्या जागी २० घातले, की १९०१ साठी उत्तर येते २६.४५ लाख. प्रत्यक्षात माणसे भरली १९.५३ लाख. तफावत जवळजवळ सात लाखांची!

मधल्या दशकात प्लेग आला होता आणि विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, भीषण दुष्काळ पडला होता. गुजरातेत तो ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. सयाजीराव महाराजांनी दुष्काळी मुलखाचा दौरा करून त्यावर टिपणे लिहिली. ही तफावत म्हणजे केवळ मृतांची संख्या नव्हे. न जन्मलेली मुले आणि मुलूख सोडून गेलेली कुटुंबेही तीत येतात.

पुढे १८९१ चा आकडा ओलांडला गेला तो थेट १९३१ मध्ये, २४.४३ लाखांवर. त्यास चाळीस वर्षे लागली. आमच्या समीकरणाने त्या साली ३३.३५ लाख माणसे दाखविली असती.

म्हणून समीकरण टाकाऊ ठरत नाही. दोन मोजण्यांमधील वर्षांसाठी ते पुष्कळदा कामास येते. पण परिस्थिती पूर्वीसारखीच राहील, एवढेच ते गृहीत धरते. दुष्काळ त्यास दिसत नाही. तो दिसतो दारोदार जाऊन केलेल्या मोजणीत. २०२१ ची जनगणना लांबली, त्या काळात २०११ चे आकडे आणि त्यांवरचे अंदाज यांवर विसंबावे लागले, तेव्हा आम्हांस बडोद्याचे ते सात लाख आठवत राहिले. आपल्या घराण्याच्या वंशावळीत १९०० च्या सुमारास एखादी शाखा खुंटलेली आढळली, तर वाचकांनी हा आकडा जरूर आठवावा.