दहा लाखांत एक: एका आकड्याची कुळकथा

अमेरिकेत जुन्या तेल डेपोच्या किंवा बंद पडलेल्या रिफायनरीच्या जागेवर घरं बांधायची, तर आधी आरोग्याच्या धोक्याचा अहवाल लागतो. मातीत आणि भूजलात बेंझीन किती आहे, ते विहिरीच्या पाण्यातून, मुलांच्या हाताला लागलेल्या मातीतून आणि जमिनीतून घरात शिरणाऱ्या वाफेतून अंगात किती जाईल, असा सगळा हिशेब मांडला जातो. तो शेवटी बऱ्याचदा ताडून पाहतात एका आकड्याशी: आयुष्यभरात दहा लाख माणसांमागे एक जादा कर्करोग. हा आकडा भूगर्भशास्त्रातून किंवा तेलधंद्यातून आला असेल, असं कुणालाही वाटेल. पण त्याचं मूळ गुरांच्या चाऱ्यात आहे! हे कळलं तेव्हापासून मी या आकड्याचा माग काढतो आहे.

मांसासाठी पाळलेली गुरं लवकर भरावीत म्हणून तिकडे चाऱ्यात डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक घालत. १९५८ च्या डिलेनी कलमानं कर्करोगकारक पदार्थ अन्नात मिसळायला बंदी केली. १९६२ साली त्यातून पळवाट काढली गेली: मान्य पद्धतीनं तपासल्यावर मांसात औषधाचा अंश सापडला नाही, तर ते गुरांना द्यायला हरकत नाही. इथेच खरी अडचण सुरू झाली. 'सापडला नाही' म्हणजे नेमकं काय? तपासणीची उपकरणं जितकी बारीक होतील, तितका अंश जास्त सापडणार. मग पद्धत किती बारीक असावी हे कुणीतरी ठरवायला हवं होतं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं उत्तर उसनं आणलं. राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या नेथन मँटेल आणि रे ब्रायन यांनी १९६१ च्या निबंधात, प्राण्यांवरच्या प्रयोगांतून 'जवळजवळ सुरक्षित' मात्रा कशी काढावी, याचं गणित दिलं होतं. उदाहरणादाखल त्यांनी दहा कोटींत एक इतका धोका धरला होता. ही व्याख्या आपल्या मर्जीची आहे, गरजेप्रमाणे दुसरीही घेता येईल, असं त्यांनीच म्हटलं होतं. १९७३ च्या मसुद्यात प्रशासनानं तोच आकडा घेतला. इतका कडक आकडा पाळला तर जाच फार आणि लोकांच्या आरोग्याला फायदा थोडा, असा आक्षेप आला. १९७७ च्या अंतिम नियमात दहा कोटींचे दहा लाख झाले, म्हणजे दोन शून्यं गळाली. पुढच्याच वर्षी कार्यपद्धतीच्या कारणावरून न्यायालयानं तो नियम बाजूला ठेवला आणि नवा नियम यायला १९८७ उजाडलं. तोवर आकडा दुसऱ्या घरी नांदू लागला होता.

या आकड्याला दुसरीही कुळं चिकटवली जातात. पहिलं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बेंझीन निकालाचं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्यात लिहिलं की, क्लोरीनच्या पाण्याचा एक घोट शंभर कोटींत एकाला मारत असेल तर तो धोका लक्षणीय नाही. पण दोन टक्के बेंझीन असलेल्या पेट्रोलची वाफ नेहमी हुंगणाऱ्यांत हजारांत एक मरत असेल, तर तो लक्षणीय ठरू शकतो. बेंझीनही आहे, पेट्रोलही आहे, त्यामुळे हे कूळ मोठं आकर्षक वाटतं. पण निकालातल्या या दोन टोकांत दहा लाख कुठेच नाहीत, आणि निकाल १९७७ नंतरचा आहे. दुसरं कूळ वीज पडून मरण्याच्या शक्यतेचं. ती तुलना आकडा ठरल्यावर लोकांना समजावण्यासाठी केलेली, जन्माचा पुरावा नव्हे. १९९१ मध्ये कॅथरिन केली यांनी हाच शोध घेतला, तेव्हा त्यांचाही धागा मँटेल-ब्रायनपर्यंतच पोचला.

मांसाच्या नियमातून आकडा पर्यावरण संरक्षण संस्थेकडे कसा गेला? या उडीचा थेट दाखला माझ्या हाती नाही, पण माझं मत पक्कं आहे. १९७७ मध्येच अन्न व औषध प्रशासन, पर्यावरण संरक्षण संस्था आणि इतर दोन नियामक संस्थांनी संयुक्त गट बनवला होता आणि १९७९ मध्ये कर्करोगाचा धोका मोजण्यावर अहवालही काढला होता. एका टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाकडे तयार आकडा होता. नोव्हेंबर १९८० मध्ये पाण्याच्या गुणवत्तेचे निकष आले, त्यांत लाखात, दहा लाखांत आणि कोटीत एक अशा तीन पायऱ्या होत्या. आपला आकडा बरोबर मधला!

त्याच वर्षीच्या सुपरफंड कायद्यानं दूषित जागांची सफाई हाती घेतली. १९९० च्या नियमांत दहा हजारांत एक ते दहा लाखांत एक हा पट्टा ठरला. पण गंमत अशी की, या कायद्यातून पेट्रोलियम वगळलेलं होतं. तेलाच्या मातीपर्यंत आकडा पोचला तो गळक्या भूमिगत टाक्यांच्या वाटेनं. त्यासाठीच्या १९९५ च्या एएसटीएम मानकाला त्या क्षेत्रातले लोक 'रेबेका' म्हणतात; त्याच्या नमुना तक्त्यात हेच दोन आकडे शेजारी शेजारी आहेत.

तुलनेचा आकडा गोठ्यातला, तर बेंझीनची घातकता कारखान्यातली. ती मुख्यतः ओहायोत प्लायोफिल्म नावाचं रबरी वेष्टन बनवणाऱ्या कामगारांच्या रक्ताच्या कर्करोगावरून काढलेली आहे. त्या हिशेबानं हवेच्या एका घनमीटरमध्ये ०.१३ ते ०.४५ मायक्रोग्रॅम बेंझीन आयुष्यभर श्वासातून गेलं, तर दहा लाखांत एक इतका धोका येतो. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात बाहेरच्या हवेसाठी वर्षाची सरासरी मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. त्याच गणितानं तिचा धोका दहा लाखांत ११ ते ३९ भरतो.

भारतात दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम २०२५ मध्ये आले. आता असे अहवाल आपल्याकडेही वाचले जातील. दहा लाखांत एक ही निसर्गानं आखलेली रेषा नाही. गुरांच्या औषधासाठी माणसांनी वाटाघाटीत ठरवलेला तो आकडा आहे. म्हणून 'धोका स्वीकारार्ह' हे शब्द वाचलेत, तर तिथेच थांबून विचारा: कोणत्या आकड्याशी ताडलं, तो कुणी निवडला, आणि ज्यांना त्या जागेवर राहायचं आहे त्यांना कुणी विचारलं का?